बेबाकी

लातूर-नांदेडकडे कर्ज फिटलं म्हणून माणूस लगेच मोकळा होत नाही. बँकेकडून बेबाकी दाखला आणायचा, तो तलाठ्याकडे द्यायचा, फेरफार मंजूर व्हायचा, मग कुठे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’मधला बोजा उतरतो. तोवर पैसे भरूनही कागदावर तो देणेकरीच.

बायबलच्या जुन्या मराठी भाषांतरात येशूने शिकवलेली प्रार्थना पहिल्यांदा वाचली तेव्हा हाच कागद आठवला. मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथे पापाची क्षमा मागितलेली नाही, ऋण सोडण्याची विनंती आहे. मूळ ग्रीक शब्दही देण्याचाच. लूकने त्या जागी पाप घातलं. पण पुढच्याच अर्ध्या वाक्यात त्याच्याकडेही देणेकरी येतोच.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तर सगळी खतावणीच उघडली आहे. राजा एका चाकराचं दहा हजार तालांतांचं देणं सोडतो, आणि तोच चाकर बाहेर पडल्यावर शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. सोबत्याचं देणं शंभर दिवसांच्या मजुरीएवढं. चाकराचं सहा कोटी दिवसांचं. एकही खाडा न करता दीड लाखाहून जास्त वर्षं राबावं लागेल. हे फिटणारं देणंच नव्हे, हे ऐकणाऱ्या मजुराला आकड्यातच कळत असणार.

‘पश्चात्ताप’ हा आपला शब्द मात्र मागाहून पोळणारा. ग्रीकमधला ‘मेटानोइया’ मन पालटण्याचा आहे, हिब्रूतला ‘शूव’ मागे फिरण्याचा. पोळणं घरात बसूनही होतं, फिरायला उठावं लागतं. आमच्या भागातल्या कॅथलिक मंडळींना पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे कबुली आणि भरपाईचं प्रायश्चित्त, असं तिन्ही लागतं. प्रॉटेस्टंट मंडळी पाळकासोबत एकत्र कबुली देतात, पण हिशेब थेट देवाशी. भाऊबंदकी तशीच ठेवून देवाकडे जाण्याची सोय मात्र दोघांकडेही नाही. अर्पण वेदीपाशी आणलं आणि भाऊ नाराज असल्याचं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यायचं, असं येशूचं सांगणं आहे. बांध कोरलेल्या शेजाऱ्याकडे रविवारी सकाळी जाणं किती जड, ते आमच्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको.

आता ‘माफी’. २००८ साली केंद्राने शेतकऱ्यांची कर्जं सोडली तिला सगळ्यांनी कर्जमाफी म्हटलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा या शब्दावरच आक्षेप होता. माफी गुन्हेगाराला असते. शेतमालाचे भाव पाडून शेतकऱ्याला बुडवलं सरकारने, तेव्हा कर्जमुक्ती म्हणा. २०१९ची दोन लाखांपर्यंतची राज्याची योजना आली ती ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती’ या नावाने. योगायोग असा, की पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतल्यावर पुण्यात गदारोळ उठला, तेव्हा याच फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. आणि रमाबाईंनी केडगावला जे उभारलं त्याचं नाव, मुक्ती.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. पण धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी जाणवलं, अशी साक्ष त्यांनीच लिहून ठेवली आहे. पुण्य मिळवण्यासाठी तीर्थं पायी तुडवण्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना आपल्याकडून काही भरायचं उरलेलं नाही ही गोष्ट पचायला वेळ लागला, असं मला वाटतं.

१८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, १९००मध्ये गुजरातेतूनही. ३० जून १९०५ च्या संध्याकाळी केडगावला रमाबाई नेहमीच्या शांत आवाजात योहानाचा आठवा अध्याय समजावत होत्या. मुली एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, इतक्या की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. त्या दिवसांत मुली रडत, आपली पापं सर्वांसमक्ष सांगत. मिशनच्या वृत्तान्तांत हे ‘संजीवन’ म्हणून आनंदाने नोंदलं आहे.

मला तिथे शरद जोशींचा ‘माफी’वरचा आक्षेप आठवतो. या मुलींत बालविधवा होत्या, दुष्काळाने अनाथ केलेल्या होत्या. केडगावच्याच ‘कृपासदना’तल्या बायका तर गावाने बदनाम करून टाकलेल्या. त्यांनी चहाडी, राग, खोटेपणा कबूल केला असेल, तो त्यांचाच होता आणि तो कबूल करण्यात त्यांचा मानही होता. पापी म्हणवून घेणं म्हणजे आपल्या हातून काही घडतं हेही मान्य होणं. पण त्यांच्यावर जे झालं, त्याचं देणं कुणाच्या खाती?

योहानाचा तो आठवा अध्याय सुरू होतो एका बाईपासून. व्यभिचारात धरलेली म्हणून तिला दगड मारायला आणलंय. सोबतच्या पुरुषाला कुणी आणलेलं नाही. येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहीत राहतो. मग निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा, एवढंच म्हणतो. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून जातो. जाताना तिची माफी मागायला कुणी थांबत नाही.