वाळूतील प्रवास आणि हवेचा कंप्रेसर

जैसलमेरजवळील समच्या वाळूच्या टेकड्यांवर जाण्यापूर्वी चाकांतील हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरविणाऱ्या प्रवाशाने, डांबरी रस्त्याला लागताना ती पूर्ववत भरण्याची तजवीज आधीच केलेली असावी. कंप्रेसरच्या खोक्यावर ठळक छापलेल्या १५० पीएसआय या कमाल दाबाला माझ्या मते फारसे महत्त्व नाही. कारण चाकाला पस्तिशीच्या आसपासचा दाब पुरतो, आणि खरी कसोटी लागते ती त्या दाबाविरुद्ध यंत्र दर मिनिटाला किती लिटर हवा ढकलते आणि चार मोठी चाके भरेपर्यंत अतितप्त न होता सलग चालते की नाही, या दोन बाबींवर. मोठ्या यंत्राचा विद्युत्भार सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज सोसत नाही. सबब थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडावयाचेच घ्यावे. नळी मागील चाकापर्यंत पोहोचते, याची खातरजमा दुकानातच करावी.