चित्र काढायला किती सामान लागतं?

तिवसा-मोझरीच्या मुलांना चित्रकलेसाठी अमरावतीहून महागडी पेटी आणायची गरज नाही. एचबी आणि ४बी अशा दोन पेन्सिली सुरुवातीला पुरतात. पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. ग्रॅफाइट जितकं जास्त, तितकी रेघ मऊ आणि काळी.

पैसे खर्चायचेच तर कागदावर खर्चा. वहीचं पान पाणी लागताच फुगतं, मुलाला वाटतं आपलाच हात वाईट. जलरंगाला ३०० जीएसएमचा जाड कागद घ्या. महाग पडला तर एका कागदाचे चार तुकडे करा. रंग तीनच: लाल, पिवळा, निळा. संत्र्याच्या पानांचा गडद हिरवा डबीतून थेट मिळत नाही. निळ्या-पिवळ्यात किंचित लाल मिसळून बघा, त्यातच खरी मजा आहे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात रंग भराभर सुकतो, म्हणून आकाश रंगवण्याआधी कागद ओला करा आणि सकाळीच बसा.

घरोघरी दिसणारे कॅमल रंग बनवणारी कॅम्लिन मराठी माणसांनी उभी केली. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईपासून सुरुवात केली होती.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्र असतं. माझ्या मते सगळ्यांत मोलाचा विषय तोच. पोळा, आठवडी बाजार, मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातली गर्दी, सारं आठवून काढायचं. पालकांनो, मुलाचं चित्र हातात आलं की चुका दाखवू नका. त्यानं काय पाहिलं, ते विचारा.