तुतीच्या गोतातला काटा आणि तुतीच्या मळ्याचं कुंपण



वड, पिंपळ, उंबर, फणस आणि तुती ही पाचही झाडं एकाच कुळातली आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. खूण सोपी आहे. पान देठापासून तोडा, पांढरा चीक दिसतो. या पाचांपैकी एकालाही काटा नाही. पण याच गोतात एक काटेरी शाखा आहे. शास्त्रात तिला मॅक्लुरा म्हणतात. उष्ण प्रदेशातल्या जंगलांच्या कडेला तिची झुडपं वाढतात, आधार मिळाला की दुसऱ्या झाडावर चढतात. आपल्या देशात दक्षिणेकडच्या जंगलांत या शाखेचं एक झुडूप आहे, श्रीलंकेतही आहे. पानाच्या बगलेत एकेक ताठ, टोकदार काटा असतो. हा काटा म्हणजे आखूड झालेली फांदीच. म्हणून तो गुलाबाच्या काट्यासारखा सालीबरोबर निघून येत नाही.

रानात चीक आणि काटा दोन्ही असलेलं झुडूप दिसलं तर घाईनं नाव ठेवू नका. करवंदालाही चीक आहे आणि काटाही आहे. पण करवंदाची पानं समोरासमोर जोडीनं येतात. मॅक्लुराची पानं एकाआड एक येतात. थोर आणि शेर यांनाही चीक आहे, मात्र तो डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. हात लावल्यावर डोळे चोळू नयेत.

आता हे काटेरी झुडूप शेतकऱ्याच्या काय कामाचं? चीनमध्ये याच शाखेतल्या एका झाडाचा पाला तुती कमी पडली तर रेशीम किड्यांना घालत आले आहेत. दुसरं एक भावंड अमेरिकेतलं. तिथल्या माळरानावर शे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी लाकूडही नव्हतं आणि दगडही नव्हते. तेव्हा शेतकऱ्यांनी या झाडाची मैलोगणती कुंपणं लावली. घोड्यानं उडी मारू नये इतकं उंच, बैलानं रेटू नये इतकं भक्कम आणि डुकरानं शिरू नये इतकं दाट, अशी त्या कुंपणाची परीक्षा असे. 1874 मध्ये तिकडे सुधारित काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि ही कुंपणं मागे पडली. गंमत अशी की त्या तारेला खांबही याच झाडाचे लावले, कारण हे लाकूड जमिनीत लवकर कुजत नाही.

ते झाड इकडे आणा असं मी सांगत नाही. ते थंड हिवाळ्याच्या मुलखातलं. मला त्यातली परीक्षा तेवढी घ्यायची आहे, कारण तुतीच्या मळ्याला कुंपण लागतंच लागतं.

पारोळा, एरंडोल, अमळनेर हा कपाशीचा पट्टा. त्यात विहिरीला पाणी असलेल्या ज्या कुणी एखादा एकर तुती लावली असेल, त्यांना एक गोष्ट सांगायला नको. शेळीला तुतीचा पाला फार आवडतो. कपाशीत शेळी शिरली तर थोडं नुकसान होतं. तुतीत शिरली तर आख्खी बॅच जाऊ शकते. रेशीम अळी आयुष्यभरात जेवढा पाला खाते, त्यातला पाचांतला चार भाग ती शेवटच्या सात-आठ दिवसांत खाते. नेमक्या त्या आठवड्यात एका रात्रीत दोन सऱ्या फस्त झाल्या, तर पाला आणायचा कुठून? शेजारच्या गावात तुती असेलच असं नाही. अळी उपाशी राहिली की कोष हलका पडतो, आणि हलक्या कोषाला भाव नाही.

मग काही जण तारेत घरचा किंवा मोटारीचा करंट सोडतात. हे कधीही करू नका. अशा तारेनं रानडुक्कर मरतं, तसा रात्री पाणी भरायला गेलेला माणूसही मरतो. बहुतेक वेळा तो घरातला, नाहीतर शेजारचा असतो. अशी चोरून वीज घेणं 2003 च्या वीज कायद्यानं गुन्हा आहे, आणि वन्य प्राणी मेला तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागतो. बाजारात मिळणारं झटका मशीन वेगळं. ते क्षणभर झटका देऊन थांबतं. त्यातही मशीन प्रमाणित पाहूनच घ्यावं.

जिवंत कुंपणाला वेळ लागतो, पैसा कमी लागतो. आपल्याकडे करवंद, सागरगोटा आणि चिलार ही तीन झाडं कामाची. सागरगोट्याचं बी दगडासारखं कठीण असतं. ते खरबरीत दगडावर एका बाजूनं घासून रात्रभर पाण्यात ठेवावं, नाहीतर बरंचसं बी तसंच पडून राहतं. करवंदाचं बी मात्र ताजंच पेरावं, साठवलं की त्याची उगवण जाते. करवंद हळू वाढतं, पण एकदा बसलं की पाणी मागत नाही, आणि लोणच्यापुरती फळं देतं. वेडी बाभूळ लावू नका. ती कुंपणात राहत नाही, शेतात येते.

उन्हाळ्यात बांधाच्या आतल्या बाजूला फूट-दीड फूट खोल चर काढावा, त्यात शेणखत टाकावं. पाऊस नीट बसला की दोन ओळी लावाव्या. दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत दोन फूट. एका ओळीतलं झाड दुसऱ्या ओळीतल्या फटीसमोर यावं. पुष्कळांचं कुंपण फसतं ते यापुढे. झाड वाढतंय म्हणून त्याला कात्री लावायचा जीव होत नाही. मग ते वर छत्रीसारखं फुटतं आणि खाली मोकळं राहतं. शेळी खालूनच येते, बरं का! पहिल्या वर्षी रोप गुडघ्याएवढं झालं की फूटभरावर छाटावं. बुडाशी फुटवे आले म्हणजे जाळी होते. पहिली दोन वर्षं बाहेरून वाळलेल्या बोराटीचा आडोसा ठेवावा.

याचा तोटाही ऐकून ठेवा. कुंपणाची मुळं आणि सावली आतल्या पहिल्या सरीचं खातात, म्हणून चार-पाच फूट जागा सोडावी. सामाईक बांध असेल तर आधी शेजाऱ्याला विचारावं. रोही उडी मारते आणि डुकरांचा कळप जाळी उकरतो, तेव्हा त्यांच्यापुढे एकटं कुंपण पुरं पडत नाही. नुकसान झालंच तर लगेच वन खात्याकडे अर्ज द्यावा आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेलं पीक जागेवरच राहू द्यावं.

शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली तर दाट कुंपण थोडे तुषार अडवतं. पण त्याच्या भरवशावर पाला तोडू नये. त्या बाजूच्या दोन-तीन सऱ्या त्या बॅचला वगळाव्या, आणि कुंपणावर स्वतः औषध मारू नये. रोपांसाठी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत उन्हाळ्यातच नाव नोंदवावं. मेलेल्या झाडांच्या जागी दर पावसाळ्याच्या तोंडाशी नवी रोपं लावावी, कारण शेळीला एकच फट पुरते.