परक्या पेढीचे भागीदार

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आता मासळीवालीच्या टोपलीशेजारीही चौकोनी ठिपक्यांचा एक कागद लटकलेला दिसतो. गिऱ्हाईक त्यासमोर आपला फोन धरते, आणि बांगड्यांचा वाटा पिशवीत पडण्याआधीच त्याचे पैसे बाईच्या खात्यात जाऊन पोचतात. हाच चमत्कार पाहत उभे असलेले आमच्या परिचयाचे एक निवृत्त मास्तर परवा आम्हांस म्हणाले, "जग आता यावरच चालायचे. चिरंजीव सांगतात, बँकेतील ठेव अर्धी मोडा आणि असल्या पैशांची ने-आण करणाऱ्या एखाद्या परदेशी कंपनीचे भाग घ्या. तुमचे काय मत?" ठेव म्हणजे त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे. पती-पत्नींच्या उतारवयाची ती शिदोरी. प्रश्न बाजारात उभ्याउभ्या विचारलेला होता. त्याचे उत्तर मात्र उभ्याउभ्या देण्याजोगे नव्हते. आज अनेक घरांतून हाच प्रश्न विचारला जात असल्यामुळे ते येथे सविस्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, परदेशी कंपनीचे भाग घेणे हे काही पाप नव्हे. समुद्रापलीकडील पैशाशी गोमंतकीयांचे नाते जुने आहे. बोटीवरील खलाशाच्या, आफ्रिकेतील कारकुनाच्या आणि पुढे आखातातील कामगाराच्या मिळकतीवर येथील कितीतरी घरांची कौले चढली. तो पैसा बाहेरून घरी येत होता. आता घरचा पैसा बाहेर जाऊ लागला आहे, एवढाच काय तो फरक. रिझर्व्ह बँकेने २००४ साली निवासी भारतीयांसाठी परदेशी रक्कम पाठविण्याची योजना आणली, तेव्हा तिची मर्यादा वर्षाला २५,००० डॉलर होती. आज ती २,५०,००० डॉलर आहे. एकेकाळी मोठ्या उद्योगपतींनाच शक्य असलेली गोष्ट आता शाळामास्तरांच्या आवाक्यात आली आहे. परंतु हक्क आला म्हणून त्यामागोमाग समज येतेच असे नाही.

मग या कंपन्या करतात तरी काय? आपल्या आजोबा-पणजोबांना हुंडी ठाऊक होती. एका पेठेतील सराफाकडे पैसे भरावेत आणि दुसऱ्या पेठेतील त्याच्या अडत्याकडून ते घ्यावेत. मधली हुंडणावळ सराफाची. आजच्या कंपन्यांचा धंदा मुळात हाच आहे. ग्राहकाने दुकानात कार्ड दाखविले की त्या रकमेतून एक बारीक चकती कापली जाते आणि ती ग्राहकाची बँक, दुकानदाराची बँक व मधले जाळे सांभाळणारी कंपनी यांच्यात वाटली जाते. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्या मुख्यतः जाळे पुरवितात. दुसऱ्या काही कंपन्या दुकानदाराचे पैसे स्वतः गोळा करून पुढे पोचवितात. व्यवहार कोट्यवधी असल्यामुळे बारीक चकतीचाही डोंगर होतो. म्हणूनच बाजाराला हा धंदा म्हणजे हमरस्त्यावरचा जकातनाका वाटतो.

परंतु जकातीचा दर नाकेदार एकटाच ठरवीत नाही, राजाही ठरवितो. आमच्या त्या मासळीवालीचेच उदाहरण घ्या. तिचे पैसे ज्या यूपीआय या व्यवस्थेतून येतात ती २०१६ साली सुरू झाली. ती चालविणारी राष्ट्रीय संस्था नफ्यासाठी चालत नाही, आणि जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेण्यास सरकारने मनाई केली. म्हणजे जो व्यवहार पाहून मास्तरांना परदेशी कंपनीचे भाग घ्यावेसे वाटले, त्या व्यवहारात कोणत्याही परदेशी जाळ्याला हुंडणावळ मिळत नव्हती! डोळ्यांसमोर धंदा वाढतो आहे, आणि तो अमुक कंपनीच्या पदरी पडतो आहे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या क्षेत्रातील सर्वांत मोठा धडा जर्मनीत मिळाला. म्युनिकजवळच्या आशहाइम गावी मुख्यालय असलेली वायरकार्ड ही कंपनी १९९९ साली स्थापन झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये तिने कॉमर्सबँक या जुन्या बँकेला बाजूला सारून फ्रँकफुर्टच्या तीस अग्रगण्य कंपन्यांच्या निर्देशांकात स्थान मिळविले. त्या सुमारास बाजाराने तिचे मोल सुमारे २,४०० कोटी युरो केले होते. जर्मनीतही तंत्रज्ञानाचा असा चमत्कार घडू शकतो, याचा तेथील सामान्य गुंतवणूकदारांना अभिमान वाटे. आपल्या देशाशीही तिचा संबंध होता. २०१५ साली तिने भारतातील पैशांच्या देवघेवीचे काही व्यवसाय ३४ कोटी युरोंपर्यंतच्या किमतीला घेण्याचे जाहीर केले होते, आणि त्या सौद्यावरही पुढे प्रश्नचिन्हे उमटली.

लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स' या पत्राने २०१५ पासून या कंपनीच्या हिशेबांविषयी शंका मांडल्या होत्या. २०१९ च्या आरंभी तिच्या सिंगापूर येथील कचेरीतील गैरव्यवहारांची वार्ता आली. यावर जर्मन नियामकाने काय करावे? कंपनीची झडती घेण्याऐवजी त्याने तिच्या भागांच्या मंदीच्या सौद्यांवर दोन महिने बंदी घातली, आणि पत्रकारांविरुद्धच तक्रार नोंदविली! ज्याने 'चोर, चोर' म्हणून ओरडावे त्यालाच कोतवालाने पकडावे, असा हा प्रकार झाला. शेवटी जून २०२० मध्ये लेखापरीक्षकांनी ताळेबंदावर सही करण्यास नकार दिला. फिलिपाइन्समधील दोन बँकांत विश्वस्तांच्या खात्यात असल्याचे दाखविलेले १९० कोटी युरो सापडेनात. असे खातेच आपल्याकडे नाही, कागदपत्रे बनावट आहेत, असे त्या बँकांनी कळविले. २२ जूनला कंपनीने ती रक्कम बहुधा अस्तित्वातच नसल्याचे कबूल केले आणि २५ जूनला दिवाळखोरीचा अर्ज केला. शंभर युरोंच्या घरातला भाव आठवड्याभरात काही युरोंवर आला. प्रमुख मार्कुस ब्राउन यांना अटक झाली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्यावरील खटला म्युनिकमध्ये सुरू झाला, आणि आरोप त्यांनी नाकारले. त्यांचे सहकारी यान मार्सालेक फरारी झाले.

येथे एक मर्म ध्यानात घ्यावे. गिरणीत कापूस दिसतो, खाणीत खनिज दिसते, बागायतीत नारळ मोजता येतो. पैशांची ने-आण करणाऱ्या पेढीत दिसतो तो केवळ आकडा, आणि त्यातलाही बराचसा पैसा दुसऱ्याचा, वाटेवरचा असतो. त्यातला आपला किती, दुकानदाराचा किती आणि नसलेला किती, हे बाहेरच्या माणसाला कळणे महाकठीण. ज्या लेखापरीक्षकांनी वर्षानुवर्षे सह्या केल्या त्यांनाही ते कळले नाही. मग पणजीत बसून फोनच्या पडद्यावर भाव पाहणाऱ्याची काय कथा? पेढी बुडाली की देणेकऱ्यांची रांग लागते, आणि भागधारक त्या रांगेत शेवटी उभा असतो.

बरे, सारेच काही लबाड नसतात. पेपाल ही अमेरिकन कंपनी घ्या. तिच्या हिशेबात लबाडी नव्हती, धंदाही होता, नफाही होता. तरीही २०२१ च्या जुलैमध्ये ३०० डॉलरांच्या वर गेलेला तिचा भाग पुढच्याच वर्षी १०० डॉलरांच्या खाली उतरला. महामारीच्या दिवसांत घरबसल्या खरेदी करणाऱ्यांची जी लाट आली ती कायमचीच आहे असे बाजाराने गृहीत धरले होते. अॅमस्टरडॅमच्या बाजारातील अडयेन या भरभराटीच्या कंपनीचा भावही ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच दिवसात सुमारे ३९ टक्क्यांनी कोसळला. उत्तम गाय अव्वाच्या सव्वा किमतीला घेतली तर दुधाने ती किंमत फिटत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

यानंतर कायद्याचा भाग येतो. परदेशी गुंतवणुकीसाठी वर्षाला दहा लाख रुपयांपेक्षा अधिक रक्कम पाठविल्यास वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ घेते. तो पुढे आयकरात वळता होतो, परंतु तोवर पैसा अडकतो. परदेशी भाग दोन वर्षांपेक्षा अधिक काळ ठेवून विकल्यास नफ्यावर जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे. त्याआधी विकल्यास आपल्या नेहमीच्या दराने. एक भाग जरी घेतला तरी तो आयकर विवरणाच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावाच लागतो. याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, अमेरिकन कंपनीचे भाग बाळगणारा परदेशी माणूस मृत्यू पावला आणि त्याची तेथील मालमत्ता ६०,००० डॉलरांपेक्षा अधिक असली, तर वारसांना अमेरिकेचा वारसाकर भरावा लागतो. त्याचा चढता दर ४० टक्क्यांपर्यंत जातो, आणि याबाबत भारताचा अमेरिकेशी करार नाही.

गोमंतकात आणखी एक विशेष आहे. येथील नागरी कायद्याच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने विवाहबद्ध झालेल्या पती-पत्नींचे वेतनाव्यतिरिक्त उत्पन्न आयकराच्या हिशेबात दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. म्हणजे मास्तरांनी घेतलेल्या भागाचा अर्धा नफा बाईंच्या नावे लागणार, आणि तोटाही अर्धा बाईंचाच होणार. असे असताना कितीतरी घरांत ठेव मोडल्याची वार्ता गृहिणीला सर्वांत शेवटी कळते. कायद्याने जिला अर्धी भागीदारीण मानले तिला न विचारता केलेला व्यवहार आम्हांस कायद्याहूनही अधिक नीतीच्या दृष्टीने खटकतो.

जुन्या गोमंतकीयांना बांको नासिओनाल उल्त्रामारिनो हे नाव आठवत असेल. पणजीच्या त्या पोर्तुगीज बँकेत आमच्या माताभगिनींनी गहाण ठेवलेले दागिने १९६१ साली मुक्तीच्या तोंडावर लिस्बनला नेण्यात आले. ते परत यायला १९९१ साल उजाडले. सोने खरे होते, पावत्या खऱ्या होत्या, मालकही हयात होते. तरी तीस वर्षे गेली, आणि कित्येकींनी वाट पाहतच डोळे मिटले. आपली वस्तू परक्या राज्यात असते तेव्हा ती आपली असूनही तिच्यावर हुकूम दुसऱ्याचा चालतो, हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही.

म्हणून मास्तरांना आम्ही सांगितले ते असे: ठेव मोडू नका. चिरंजीवांना स्वतःच्या कमाईतून हौस असेल तर त्यांनी जरूर घ्यावे. परंतु बुडाली तरी चूल विझणार नाही एवढीच रक्कम, कर्ज न काढता आणि एकाच कंपनीत न ओतता. कंपनी कुणाकडून किती हुंडणावळ घेते, तिच्याजवळचा पैसा कुणाचा, हे आपल्या बायकोला दोन वाक्यांत समजावून सांगता आले तरच घ्यावे. सांगता आले नाही तर ती गुंतवणूक नव्हे, सोरट आहे.

मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आधी घरी विचारायला हवे." आम्ही म्हटले, तेथूनच सुरुवात करा. जगाच्या बाजारात जाण्याची वाट घराच्या उंबऱ्यावरूनच जाते.