प्रोग्रामची आवृत्ती प्रोग्रामलाच विचारावी

शाळेंत शिकवीत असतांना एकदां मोठी फजिती झाली. मीं पानाचा आंकडा सांगावा, तर अर्ध्या वर्गाला तेथें निराळाच धडा सांपडे. चौकशी केली, तेव्हां कळलें कीं कांहीं पुस्तकांना वेष्टण नव्या आवृत्तीचें होतें, परंतु आंतील मजकूर जुना होता.

संगणकाच्या प्रोग्राममध्येंही असाच घोटाळा होतो. दोष कळविणाऱ्यास पहिला प्रश्न येतो, "आपली आवृत्ती कोणती?" पडद्यावरील आंकडा जर कोणी हातानें लिहून ठेविला असेल, तर प्रोग्राम बदलला तरी आंकडा तसाच राहतो, आणि दुरुस्ती करणारा भलत्याच ठिकाणीं दोष शोधीत बसतो.

मायक्रोसॉफ्टनें २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या डॉटनेट पद्धतींत ह्यावर चांगला उपाय आहे. तींत तयार झालेल्या प्रत्येक असेंब्लीच्या पोटांत स्वतःची माहिती नोंदलेली असते. प्रोग्रामनें चालतां चालतां ही नोंद स्वतःच वाचावी, ह्या सोयीस 'रिफ्लेक्शन', म्हणजे प्रतिबिंब, असें म्हणतात. आरशांत आपलें मुख पाहण्यासारखेंच हें आहे.

ह्या नोंदींतील आवृत्तीस चार आंकडे असतात: प्रमुख, गौण, बांधणी व सुधारणा. शेवटच्या दोन आंकड्यांऐवजीं तारका लिहिली, तर ते कंपायलर भरतो. बांधणीच्या जागीं १ जानेवारी २००० पासून लोटलेले दिवस येतात, आणि सुधारणेच्या जागीं मध्यरात्रीपासून झालेल्या सेकंदांची निमपट. म्हणून १.०.९१३२.२१६०० हा आंकडा पाहतांच कळतें कीं, हा प्रोग्राम १ जानेवारी २०२५ रोजीं भर दुपारीं बारा वाजतां बांधला गेला. मात्र नव्या प्रकल्पांत ही तारका आपोआप चालत नाहीं. तिला मुद्दाम परवानगी द्यावी लागते.

एक सावधगिरी हवी. 'गेटएक्झिक्यूटिंगअसेंब्ली' असें विचारल्यास, ज्या असेंब्लींत तो प्रश्न लिहिला आहे तिचेंच उत्तर मिळतें. प्रश्न सहाय्यक ग्रंथालयांत लिहिला असेल, तर आवृत्ती ग्रंथालयाची कळेल, मुख्य प्रोग्रामची नव्हे. मुख्याची हवी असल्यास 'गेटएंट्रीअसेंब्ली' असें विचारावें. शिवाय फाइलच्या गुणधर्मांत दिसणारी आवृत्ती ही स्वतंत्र नोंद असते. ती ह्या आंकड्याशीं जुळेलच असें नाहीं.

तात्पर्य, वेष्टणावर विसंबूं नये. परंतु आंत पाहतांनाही आपण कोणतें पुस्तक उघडलें आहे, हें आधीं पाहावें.