ऐकू न येणाऱ्यांचा फोन

टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला आणि पत्नीलाही ऐकू येत नव्हते. तरी 1876 नंतर जवळजवळ नव्वद वर्षे बहिऱ्या माणसांसाठी हे यंत्र मुकेच राहिले.

ही कोंडी फोडली रॉबर्ट वाइटब्रेख्ट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. ते स्वतः बहिरे होते. 1964 साली त्यांनी टाइप केलेल्या अक्षरांचे सूर बनवून साध्या फोनलाइनवरून पाठवले. पलीकडच्या यंत्राने त्यांची पुन्हा अक्षरे केली. एका वेळी एकानेच टाइप करायचे, म्हणून आपले संपले की शेवटी ‘जीए’ लिहायचे, म्हणजे ‘आता तुम्ही बोला’.

आज फलटणमधल्या कर्णबधिर तरुणाला पुण्यातल्या मित्राशी व्हिडिओ कॉलवर खुणांच्या भाषेत बोलता येते. हात आणि चेहरा नीट दिसेल एवढा उजेड आणि न अडखळणारे नेट मात्र हवे. ज्यांना खुणा येत नाहीत, त्यांच्यासाठी ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ हे अ‍ॅप मराठी बोलणे अक्षरांत उमटवते. फोन स्पीकरवर ठेवायचा आणि शेजारच्या दुसऱ्या मोबाइलवर वाचायचे. गावांची, माणसांची नावे चुकतात. औषधाचे प्रमाण किंवा पैशांचा आकडा तर मेसेजनेच पक्का करावा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या आजोबांसाठी यंत्रात टेलिकॉइल, म्हणजे फोनचा आवाज थेट पकडणारी छोटी गुंडाळी, आहे का, हे विकत घेतानाच विचारा. आणि त्यांनी फोन उचलला नाही, तर चिडू नका. आधी मेसेज करा.