अकराचा भात

लग्नघरात कामांची यादी लागते. फुलं कोण आणणार, भटजींना घ्यायला कोण जाणार, पाण्याच्या पिंपांवर कोण, अहेर लिहायला कोण. नवऱ्याच्या चुलतबहिणीचं लग्न कुडाळजवळच्या गावच्या घरी, मे महिन्यात होतं, आणि तिथल्या पडवीच्या खांबावर अशी यादी चिकटवलेली होती. मी मोजली, बत्तीस कामं होती. लहान मुलं कोणी सांभाळायची, हे त्यांत नव्हतं. आमची लेक तेव्हा सव्वादोन वर्षांची. ठाण्याहून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे चार दिवस मी प्रामुख्याने तेच एक काम केलं. ते सुट्टीसारखं वाटत नाही आणि कामातही धरलं जात नाही, म्हणून ते कसं होतं ते सांगते.

सुरुवात दोन दिवस आधी दशम्यांपासून झाली. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, गूळ आणि तूप घालायचं. पाण्याचा थेंब नसल्यामुळे दशमी प्रवासात टिकते आणि गार झाली तरी मऊ राहते, दाढा पूर्ण न आलेल्या मुलाला चावता येते. सोबत मेतकूट, तुपाची लहान बाटली, राजगिऱ्याच्या वड्या. उन्हाळ्याचे दिवस म्हणून ओआरएसच्या पुड्या. पुडीचं सांगायलाच हवं, कारण घरोघरी ती अंदाजाने अर्धी-पाव करून पेल्यात ढवळतात. मोठी पुडी अख्खी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची असते, आणि उरलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं.

कपड्यांत खणाचं परकर-पोलकं होतं, आजीने हौसेने शिवून घेतलेलं. ते उलटं करून बघितलं तर गळ्याशी आणि बगलेत जरीचे काठ आतून दुमडलेले. घामात ती जर ब्लेडसारखी लागते. जुन्या मलमलच्या झबल्याची पट्टी कापून मी ती आतून टाके घालून लावली. तासाभराचं काम, पण लग्नाच्या दिवशी सगळ्या मुली साडेअकराला कपडे ओरबाडत होत्या, तेव्हा आमची अजून पोलक्यात होती.

गाडी सकाळची मांडवी एक्सप्रेस. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण तिकीट नाही म्हणजे जागाही नाही. दिवसभर अकरा किलो मांडीवर. पनवेलपर्यंत खिडकी पुरली, माणगावपर्यंत दशमी पुरली, चिपळूणला ती पहिल्यांदा रडली. वाटेत बोगदेही होते. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत आणि दोन वर्षांच्या मुलाला बोगदा म्हणजे कोणीतरी अचानक जग बंद केल्यासारखं. लहान बोगद्यांत आम्ही खेळ काढला: ‘गेला उजेड’, ‘आला उजेड’. पण रत्नागिरीच्या अलीकडे उक्षी आणि भोके यांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा लागतो, तो साडेसहा किलोमीटरचा. ‘आला उजेड’ म्हणायची वेळ येईचना. उघड्या खिडक्यांतून आवाज एवढा शिरतो की मुलाच्या कानाशी बोललेलं मुलाला ऐकू येत नाही. तिने माझ्या साडीचा पदर मुठीत धरला होता. मी तिचा दुसरा हात धरून तळवा माझ्या गळ्यावर ठेवला आणि गुणगुणायला लागले. तिला सूर ऐकू येत नव्हता, गळ्याची थरथर मात्र हाताला लागत होती. मूठ हळूहळू सुटली. बोगदा संपल्यावर उजेडाकडे न बघता ती माझ्या गळ्याकडेच बघत होती. परतीच्या गाडीत अंधार पडताच तिने आपण होऊन हात तिथे नेला.

घरी पोचलो तेव्हा घरापुढच्या खळ्यात माटव, म्हणजे मांडव, उभा राहिला होता. हळदीच्या संध्याकाळी स्पीकर लागला आणि लेकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. तिला घेऊन मी मागीलदारी गेले. तिथे चार बायका खोवणीवर नारळ खोवत होत्या, आचाऱ्याच्या चुली पेटत होत्या. हळदीतली मजा मी बघितली नाही याचं मला वाईट वाटलं, ते वाटलंच. पण लेक खोवणीखालची परात खोबऱ्याने कशी भरते ते टक लावून बघत बसली होती, आणि कोणीतरी तिच्या तळहातावर चिमूटभर खोबरं ठेवत होतं, संपलं की पुन्हा.

खरी अडचण दुसऱ्या दिवशीची होती. मुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटांचा. लेकीची झोप बारा ते दोन. तिचं जेवण साडेअकराचं, आणि पंगत मुहूर्ताच्या आधी बसणार नाही. पूर्वी मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत: तळाला छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं. भुकेलं आणि झोपेला आलेलं मूल तेवढी एक घटिकाही थांबत नाही. आणि नवरीच्या मागे दिवा घेऊन उभं राहण्याचं काम यादीत माझ्या नावावर होतं.

सासऱ्यांची आत्या, ऐंशीच्या पुढची, सकाळी मला शोधत आली. म्हणाली, “गो, चेडवाचा जेवाण मी आचाऱ्याक सांगलंय. अकराक भात काढून ठेवतलो.” अकरा वाजता खरंच आला. तिखट पडायच्या आधी बाजूला काढलेलं वरण, दोनदा शिजवलेला मऊ भात, वर तूप. माटवात धावपळ चालली होती आणि लेक माजघरात शांतपणे जेवत होती.

मग आत्येआजीने पेटीतून एक जुनं सुती लुगडं काढलं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की हातात पाण्यासारखं ओघळत होतं. नातवाला स्टुलावर चढवून तिने ते दुहेरी करून माजघराच्या तुळईवरून टाकून घेतलं. टोकं एकत्र घेऊन गाठ मारली, ती निरगाठ, सुरगाठ नव्हे, आणि ती वर तुळईशी सरकवली, कारण खाली राहिली तर मुलाच्या पाठीला टोचते. मग दोन्ही हातांनी झोळी धरून ती स्वतः लटकली. पाय जमिनीवरून उचलले, दोन क्षण तशीच राहिली. लुगडं धरतंय याची खात्री झाल्यावर आत दुपटं घातलं. तळ जमिनीपासून वीतभरच वर ठेवला, खाली गोधडी अंथरली. शेवटी हातभर लांबीची गुळगुळीत काठी डोक्याकडच्या बाजूला आडवी बसवली. त्या काठीमुळे कापडाच्या कडा एकमेकींपासून लांब राहतात, चेहऱ्यावर मिटत नाहीत, वारा लागतो. ही काठी मी बालसंगोपनाच्या कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती.

लेकीला आत निजवलं तरी मी घुटमळत होते. ती म्हणाली, “तू जा, दिवो धर. चेडू ऱ्हवतला माझ्याकडे.”

अंतरपाट धरला तेव्हा मी नवरीच्या मागे होते. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडायला लागल्या, आणि माझे कान माजघराकडे होते. रडणं आलं नाही. विधी आटोपून आत गेले तर झोळी हलत होती, आत्येआजीच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीने. ती भिंतीला टेकून बसली होती, हातात थोड्या उरलेल्या अक्षता. बाकीच्या तिने बसल्या जागेवरूनच माटवाच्या दिशेने टाकल्या होत्या, चार दाणे उंबऱ्यावर होते. ते मी लगेच वेचून घेतले. जमिनीवरचे दाणे मुलं तोंडात आणि नाकात घालतात. संध्याकाळपर्यंत लेकीच्या मागे मी तेच करत फिरत होते.

पुढच्याच हिवाळ्यात शहरातल्या एका कार्यालयात दुसरं लग्न होतं. नाव सांगत नाही, कारण बहुतेक कार्यालयं अशीच असतात. वरपक्षाची खोली, वधूपक्षाची खोली, दोन्ही साड्यांनी आणि बॅगांनी भरलेल्या. छताला तुळई नाही. स्वयंपाकघरात विचारलं तर जेवण एकला. लेकीला मी जिन्याच्या पायरीवर बसून बिस्किटं चारली, बँडच्या आवाजात ती खांद्यावरच रडत झोपली. मंगलाष्टकं मी दाराबाहेरून ऐकली. तिथे माणसं वाईट नव्हती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच. गावच्या घरी ऐंशीच्या पुढच्या बाईच्या लक्षात होतं. ती नसती तर तिथेही हेच झालं असतं, कारण यादीत तिथेही नव्हतंच.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना विनंती. हॉल बघायला जाल तेव्हा पार्किंग आणि एसीबरोबर विचारा, की आवाजापासून दूर, आतून कडी लागणारी, पंख्याची एक खोली मुलांसाठी मिळेल का. केटररला सांगा, तिखट पडायच्या आधी वरण-भात बाजूला काढून अकरा वाजता द्या. आणि भिंतीवरच्या यादीत तेहतिसावी ओळ लिहा: मुलं. पुढे आईचं एकटीचं नाव नको. तासातासाने आळीपाळीने बसतील अशी चार नावं लिहा, त्यातली दोन पुरुषांची.